मागील शेऱ्यांची पूर्तता

कॅनडातल्या आमच्या रेजिनात पाहुणा आला की त्याला दाखवायचं काय, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. किचनरला राहणारी माझी नणंद पाहुण्यांना गाडीत घालते, धबधबा दाखवून आणते आणि मोकळी होते. आमच्याकडं धबधबा नाही, डोंगर नाही, समुद्राचं तर नावच काढू नका. चारी बाजूंना सपाट जमीन आणि वर आभाळ. मग उरतं काय, तर संग्रहालयं, विधानभवन, एक आर्ट गॅलरी आणि जुनी चर्चेस. नवरा म्हणतो, दोन वीकेंडमध्ये अख्खं गाव दाखवून होतं आणि तिसऱ्या आठवड्यापासून पाहुण्याला आपल्याबरोबर ग्रोसरीला न्यायचं.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी माझे वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडं आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सांगलीच्या घरात ते एकटे होते. डबा यायचा, शेजार चांगला होता, तब्येत ठणठणीत होती. पण फोनवरचं त्यांचं बोलणं आखडत चाललं होतं. काय चाललंय, काही नाही. जेवलात का, जेवलो. यापुढं गाडी सरकत नसे. त्यामुळं ते यायला तयार झाले तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट धरली होती. अण्णांना इथं करमलं पाहिजे आणि त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा आलं पाहिजे.

अण्णा शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होते. पंचायत समितीच्या कचेरीतून निघायचं, एम-एटी स्कूटरवर बसून जतकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा तपासायच्या आणि शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहून परत यायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. पटावर मुलं किती, हजर किती, फळा काळा आहे की पांढरा पडलाय, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, हे सगळं क्रमांक घालून लिहायचं आणि शेवटी एक ओळ. एक तर 'एकंदरीत समाधानकारक', नाही तर 'सुधारणेस वाव आहे'. तिसरं काही त्यांच्या हातून लिहिलेलं मी पाहिलं नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर तर तेवढंही नसायचं. पालकांच्या शेऱ्याच्या रकान्यात ते 'पाहिले' असं लिहायचे आणि खाली सही ठोकायचे. पहिला नंबर आला तरी पाहिले, गणितात नापास झाले तरी पाहिले. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या शनिवारी त्यांना प्राण्यांच्या आणि डायनासोरच्या संग्रहालयात नेलं. तिथं एक यांत्रिक डायनासोर मान हलवतो आणि गुरगुरतो. माझी अकरा वर्षांची मुलगी गाईड झाली होती. "आजोबा, वॉच. नाऊ इट विल मूव्ह." अण्णांनी हात पाठीमागे बांधले, डायनासोरला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग त्याच्या मागच्या भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं जवळ जाऊन वाचलं. दोन तास आम्ही फिरलो. हरीण, अस्वल, जुनी हाडं, सगळं त्यांनी सारख्याच चेहऱ्यानं पाहिलं. मला वाटलं, संपलं. पहिल्याच दिवशी कंटाळले.

बाहेर पडताना दाराशी एका उंच टेबलावर वही उघडी ठेवलेली होती, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. अण्णा थबकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शेरेबुक," ते म्हणाले.

"अण्णा, ते गेस्टबुक आहे. आलेल्या लोकांनी नाव लिहायचं फक्त."

"शेऱ्याचा रकाना आहे की."

रकाना होता. नाव, गाव आणि शेरा, असे तीन रकाने इंग्रजीत छापलेलेच होते. अण्णांना इंग्रजी वाचलेलं चांगलं कळायचं. इथल्या लोकांचं बोललेलं कळायचं नाही. त्यांनी आधीचे शेरे वाचून काढले. कुणी 'ऑसम' लिहिलं होतं, कुणा मुलानं डायनासोर काढला होता, एकानं 'क्लीन वॉशरूम्स' असं लिहिलं होतं. "हा त्यातल्या त्यात बरा," अण्णा म्हणाले. मग खिशातलं स्वतःचं पेन काढून त्यांनी उभ्या उभ्या लिहायला सुरुवात केली, ते नऊ पाहुण्यांची जागा खाऊनच थांबले.

'आज रोजी सकाळी अकरा वाजता संग्रहालयास भेट दिली. १. डायनासोर चालू स्थितीत आहे. लहान मुले घाबरतात, ते योग्यच आहे. २. पिण्याच्या पाण्याची सोय उत्तम. ३. पक्ष्यांच्या दालनातील दोन दिवे बंद आहेत. घुबड दिसत नाही. ४. कर्मचारी नम्र. एकंदरीत समाधानकारक.' खाली सही, तारीख आणि कंसात 'सेवानिवृत्त'.

टेबलामागच्या मुलीनं वाकून पाहिलं आणि हे काय लिहिलंय म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, त्यांना फार आवडलं. तिनं छातीवर हात ठेवला आणि "दॅट्स सो स्वीट" म्हणाली.

गाडीत बसल्यावर अण्णा म्हणाले, "मी एवढं लिहिलं, तू एवढंच सांगितलंस?"

"इंग्रजीत थोडक्यात मावतं, अण्णा."

मी असं का केलं, ते सांगते. अठरा वर्षं इथं राहून मी एक गोष्ट घोकून पाठ केली आहे. दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं की सगळं छान आहे म्हणायचं. जेवण छान, घर छान, हवाही छान, बाहेर उणे तीस असलं तरी. आपण बाहेरून आलेले, आपण कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. घुबडावरचा दिवा लागत नाही हे सांगणारी मी कोण? तर मी नम्रपणे खोटं बोलले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि फायदा लगेच दिसला. त्या दिवशी जेवताना अण्णा स्वतःहून बोलायला लागले. कुठल्या शाळेत घुशींनी हजेरीपट खाल्ला होता, कुठल्या गुरुजींनी त्यांना पाहून खिडकीतून उडी मारली होती, आईनं त्या गुरुजींची बाजू कशी घेतली होती. मी मनात म्हटलं, सापडलं औषध. पुढच्या प्रत्येक शनिवारी एक जागा आणि एक गेस्टबुक. विधानभवनात त्यांनी लिहिलं, 'सभागृहातील गालिचा उत्तम. सदस्य एकही हजर नव्हता.' उन्हाळ्याची सुट्टी असते हे मी सांगेपर्यंत सही होऊन गेली होती. आर्ट गॅलरीत लिहिलं, 'चित्रे समजली नाहीत. दोष चित्रांचाच असेल असे नाही.' नवरा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझ्या अण्णांचा." मी त्याला हळू बोल म्हटलं.

महिन्यानं अण्णांनी डायनासोरकडं पुन्हा जायचं काढलं. मुलगी "अगेन?" म्हणाली. तिथं गेल्यावर डायनासोरकडं न बघता ते थेट पक्ष्यांच्या दालनात गेले. दिवे बंदच होते. बाहेर येऊन त्यांनी लिहिलं, 'मागील शेऱ्यातील मुद्दा क्र. ३ ची पूर्तता झालेली नाही.' परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी मला विचारलं.

"इथं शेरेबुक कोण वाचतं?"

"वाचतात की. कमिटी असते त्यांची."

"मग दिवे?"

मी लेन बदलण्यात फार गुंतल्याचं दाखवलं. त्या दिवशी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढच्या वर्षी मे महिन्यातच तिकीट काढू या का?"

अण्णांनी भाताचा घास कालवला. "एकदा भेट झाली की. समाधानकारक शाळेला दुसरी भेट लागत नाही."

मी उठून सिंकमध्ये कढई आपटली. मी काय शाळा आहे का? पण चिडण्यापेक्षा भीती जास्त होती. ते आता परत जाणार, त्या घरात बसणार आणि फोनवर 'जेवलो' म्हणणार. त्यांचं लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे त्यांना इथंही कळायला लागलं होतं.

चर्च सापडलं ते यानंतर. गावाच्या जुन्या भागात, हिरव्या घुमटाचं, लाकडी, लहानसं. पूर्व युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी बांधलेलं. आता तिथं महिन्यातून एकदाच प्रार्थना होते आणि हिवाळा सोडून दर शनिवारी दुपारी एक ते चार ते लोकांना बघायला उघडं असतं. उघडायला आणि बंद करायला एकच म्हातारी बाई. अंगात लोकरीचं जाकीट, डोळ्यांत मिस्कीलपणा, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या आजोबांनी ते बांधायला हात लावला होता. अण्णांनी दाराशी बूट काढले. त्या बाईंनी ते पाहिलं आणि बूट भिंतीशी सरळ लावून ठेवले.

आत एकच खोली. ओळीनं बाकं, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, दाराजवळ वरून खाली लोंबणारा घंटेचा दोर. अण्णा मधोमध उभे राहिले आणि चहूबाजूंनी बघत म्हणाले, "ही एकशिक्षकी शाळाच आहे." किती दिवसांनी त्यांच्या आवाजात आनंद ऐकला मी. त्या बाईंनी थर्मासमधला चहा दिला आणि खसखशीचं सारण भरलेला रोल कापून दिला. अण्णांनी तळघर पाहिलं, जिना पाहिला, भिंतीवरचे फोटो पाहिले, आणि मग टेबलावरची वही पुढं ओढली.

'१. घंटेचा दोर जीर्ण झाला आहे. डोक्याच्या वर हातभर अंतरावर दोन पेड तुटलेले आहेत. तातडीने बदलावा. २. तळघराच्या जिन्यास कठडा नाही. ३. जुने फोटो फार उंच लावले आहेत. मुलांच्या नजरेच्या टप्प्यात आणावेत. ४. प्रथमोपचार पेटी आढळली. तळघरात, नळाच्या डावीकडे. ५. कर्मचारी एक. वयोवृद्ध, परंतु तत्पर. चहा दिला.'

बाईंनी मला विचारलं, काय लिहिलंय. त्या इतक्या उत्सुकतेनं बघत होत्या, हातात अजून रोल कापायची सुरी होती. दोर जुना झालाय, जिना धोक्याचा आहे, फोटो चुकीचे लावलेत, हे मी त्यांच्याच आजोबांच्या चर्चमध्ये उभी राहून, त्यांचाच चहा पिऊन सांगू? मी म्हटलं, "ते म्हणतात, चर्च फार सुंदर आहे. आणि घंटा फारच छान आहे."

"पण घंटा तर त्यांनी ऐकलीच नाही," त्या म्हणाल्या, आणि सुरी ठेवून उठल्या. दोन्ही हातांनी दोर धरून त्यांनी दोनदा घंटा वाजवली. अण्णा वर बघत होते, त्या तुटलेल्या पेडांकडं.

त्यानंतर अण्णांना दुसरी जागा नको झाली. दर शनिवारी आम्ही तिथंच जायचो, आणि आम्ही आत पाऊल टाकलं की बाई आवर्जून घंटा वाजवायच्या, या परदेशी पाहुण्याला आवडते म्हणून. अण्णा प्रत्येक वेळी मान वर करायचे, मग माझ्याकडं बघायचे. मी फोटोंकडं बघायचे. वहीत ते लिहायचे, 'मुद्दा क्र. १ ची पूर्तता नाही.' पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. असे चार-पाच शनिवार गेले.

"तू त्यांना दोराचं सांगितलंस ना?"

"सांगितलं, अण्णा."

"मग त्या वाजवतात कशाला?"

याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

सप्टेंबरात, गावाबाहेर गव्हाची काढणी सुरू झाली होती तेव्हा, एका शनिवारी आम्ही आत शिरलो, बाईंनी हसून दोर धरला, खाली ओढला, आणि दोर तुटून त्यांच्या हातात आला. त्या मागं बाकावर आपटल्या आणि तिथून जमिनीवर बसल्या. मी जागच्या जागी उभी. अण्णा मात्र हलले. पंचाहत्तरीचा माणूस कठडा नसलेल्या जिन्यानं भिंत धरत तळघरात उतरला आणि नळाच्या डावीकडची पेटी घेऊन वर आला. शोधावी लागली नाही. त्यांनी बाईंचं मनगट हलवून पाहिलं, बोटं मिटायला आणि उघडायला लावली, आणि पट्टी बांधली. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. मला रडू आलं, आणि ते मनगट बघून आलं असं मी दोघांनाही भासवलं.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची वही आणली, जुलैचं पान उघडलं आणि पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

"वाच. जसं आहे तसं."

मी वाचलं. एकेक वाक्य मराठीत, मग इंग्रजीत. दोर, पेड, कठडा, फोटो, पेटी, चहा. मग पुढचा शनिवार, मग त्याच्या पुढचा. बाई मनगट मांडीवर ठेवून ऐकत होत्या. शेवटी मी सांगितलं की घंटा छान आहे असं ते कधीच म्हणाले नव्हते, ते मी घातलं होतं.

"म्हणजे मी दर शनिवारी ती उगाचच वाजवत होते?"

"हो."

"का सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला चौथीचा वर्ग आठवला. "मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "दोर जुना झालाय एवढं ऐकायची ताकद आहे माझ्यात."

मग त्यांनी वही चांगल्या हातानं स्वतःकडं ओढली. ते क्रमांक, ती तारीख, ती झोकदार सही, सगळं त्या निरखत राहिल्या. "हे नोकरीत काय होते? शाळा तपासायचे का?"

मी हो म्हटलं. त्या हसायला लागल्या. हसून हसून मनगट दुखलं तरी थांबेनात. अठराव्या वर्षी त्या इथून चार तासांवरच्या एका खेड्यात एका खोलीच्या शाळेत शिकवायला गेल्या होत्या. सगळ्या इयत्ता एकत्र, शिक्षक एकच. वर्षातून दोनदा इन्स्पेक्टर यायचा. त्याचा त्यांना एवढा धाक, की आदल्या दिवशी जेवण जायचं नाही. "पण जमीन सपाट ना," त्या म्हणाल्या, "त्याची गाडी दोन मैलांवर असतानाच धुरळा दिसायचा. तेवढ्यात मुलांचे हात धुऊन व्हायचे, फळा पुसून व्हायचा, आणि जो पोरगा हमखास चुकायचा त्याला शेगडीला लाकडं आणायला बाहेर पाठवता यायचं."

हे मी अण्णांना शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"जतकडं पण सपाटच आहे," ते हळूच म्हणाले. मग, "आमच्या गुरुजींनापण माझ्या एम-एटीचा धुरळा दिसत असेल का गं?"

मी बाईंना विचारलं. "विचार त्यांना," बाई म्हणाल्या, "ते जायचे तेव्हा टाकीवर झाकण नेहमी असायचं का?"

"नेहमी," अण्णा म्हणाले. तीस वर्षांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसला, आणि मग तेही हसले. आई गेल्यापासून असं पोट धरून हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते त्यांना 'बाई' म्हणायला लागले, जसं आपल्याकडं शिक्षिकेला म्हणतात तसं. त्याआधी 'त्या म्हाताऱ्या' म्हणायचे. बाई त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणायच्या.

पुढच्या शनिवारी नवा दोर आला होता. अण्णांनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला, मग स्वतः एकदा घंटा वाजवली आणि वहीत लिहिलं, 'मुद्दा क्र. १ ची पूर्तता झाली.' मी ते मोठ्यानं वाचून इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली. कठडा आणि फोटो कमिटीपुढं ठेवते म्हणाल्या. कमिटी म्हणजे त्यांच्याच वयाची तीन माणसं.

ऑक्टोबरच्या शेवटी अण्णांचं विमान होतं. त्याच्या आधीच्या शनिवारी चर्च हिवाळ्यासाठी बंद होणार होतं. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता आणि माझ्या डोक्यात विंटर टायर्सची अपॉइंटमेंट होती. अण्णांनी त्या दिवशी पाऊण तास लिहिलं. दोनदा चष्मा पुसला. मी वाकून बघायला गेले तर त्यांनी हातानं पान झाकलं.

"हा आत्ता वाचायचा नाही. पूर्तता झाली की वाच."

मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. बाईंचा नमस्कार जरा डावीकडं कलला, मनगट अजून पूर्ण बरं नव्हतं.

विमानतळावर मी शेवटचं विचारलं, "पुढच्या वर्षी येणार ना, अण्णा?"

"बघू," ते म्हणाले, आणि बॅगेचं कुलूप तपासलं.

तो हिवाळा लांबला. पण फोन बदलला होता. मी काय चाललंय म्हणायच्या आत अण्णा विचारायचे, "कठड्याचं काय झालं?" मी सांगायचे, चर्च बंद आहे, बर्फ आहे, मीच सकाळपासून ड्राइव्हवे शोव्हल करतेय. मग ते फोटो किती इंच खाली यायला हवेत ते सांगायचे, मग जुन्या कुठल्या तरी गुरुजींना रस्त्यात गाठून धुरळ्याबद्दल विचारल्याचं सांगायचे. गुरुजींनी कबूल केलं होतं म्हणे. कधी कधी फोन मलाच आवरता घ्यावा लागायचा. येण्याचा विषय मात्र मी काढला की ते 'बघू'वर यायचे.

मे महिन्यात बाईंचा फोन आला. मी मुलीला घेऊन गेले. जिन्याला कठडा बसला होता, ताज्या लाकडाचा, वार्निशचा वास अजून येत होता. फोटो खाली आले होते. एका फोटोत बाकावर बसलेली, वेण्या घातलेली एक मुलगी होती. माझी लेक तिच्यासमोर उभी राहिली तर दोघींचे डोळे अगदी समोरासमोर. "शी लुक्स सो बोअर्ड," लेक म्हणाली.

बाईंनी ड्रॉवरमधून वही काढली. अण्णांच्या प्रत्येक पानाच्या कडेला त्यांनी पट्टीनं समास आखला होता, आणि दोर, कठडा, फोटो यांच्या क्रमांकांपुढं लाल पेन्सिलनं बरोबरच्या खुणा केल्या होत्या. मराठीचं एक अक्षर येत नसताना. मी सप्टेंबरात ज्या क्रमानं वाचलं तो त्यांनी लक्षात ठेवला होता.

"आता शेवटचं पान वाच," त्या म्हणाल्या. "आधी तू वाच. मग मला सांग."

मी बाकावर बसले.

'आज रोजी शेवटची भेट. मुद्दा क्र. १ पूर्ण. मुद्दा क्र. २ व ३ बाबत बाईंनी शब्द दिला आहे, तो पाळला जाईल याची खात्री आहे.

दुभाषी म्हणून माझी मुलगी हजर होती. सुरुवातीचे भाषांतर असमाधानकारक. जे लिहिले ते सांगितले नाही, जे सांगितले ते लिहिलेले नव्हते. नंतर सुधारणा झाली.

मुलीच्या घरी सहा महिने मुक्काम केला. घर स्वच्छ. जावई मनमिळाऊ, स्वयंपाकघरात बोलतात ते बाहेर ऐकू येते. नात हुशार, मराठी बोलण्यात सुधारणेस वाव आहे. मुलगी आठवडाभर नोकरी करून दमते, तरी एकाही शनिवारी खाडा केला नाही. लहानपणी तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहायचा राहून गेला. तो येथे लिहीत आहे. मुलगी चांगली निघाली. हे तिच्या आईने पाहायला हवे होते.

एकंदरीत समाधानकारक. तरीही पुढील भेट आवश्यक.'

खाली सही, तारीख. कंसात 'सेवानिवृत्त' लिहून खोडलं होतं.

मला समोरचं काही दिसेना. लेक जवळ येऊन "मम्मा, आर यू ओके?" म्हणाली. मग मी डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून सगळं इंग्रजीत सांगितलं. माझ्या भाषांतराबद्दलचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, प्रगतिपुस्तकाचं सांगितलं. या वेळी एक शब्द गाळला नाही आणि एक घातला नाही.

शेवटच्या ओळीपाशी बाईंनी मला थांबवलं आणि ती कुठं लिहिली आहे ते विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी लाल पेन्सिल उचलली, त्या ओळीपुढच्या समासात टेकवली, आणि तशीच परत उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"ही खूण इन्स्पेक्टर आल्यावर," त्या म्हणाल्या.